दहाव्या प्रकरणात अडकलेले तिघे

मित्रांनो, मी एक जुनी, चांगली जाडजूड कादंबरी आहे. तीन माणसं यानात बसून चंद्राकडे निघतात, ही माझी गोष्ट. विलायतेत माझं मोठं नाव आहे. मराठीत आले ती कापडी बांधणी आणि सोनेरी अक्षरं लेवूनच. पिंपळगाव राजा या गावच्या नीळकंठ गुरुजींनी मला खामगावच्या बाजारातून हौसेनं आणलं. पण दहाव्या प्रकरणात वजनाची आणि वेगाची गणितं सुरू होतात, तिथे गुरुजींची गाडी अडली. पुढे ज्यांनी ज्यांनी मला नेलं, ते सगळे तिथूनच माघारी फिरले. मला त्याचं वाईट वाटत नसे. कुणाही ऐऱ्यागैऱ्याला झेपावी अशी मी नाहीच.

चातुर्मासात गुरुजींच्या पत्नी सिंधूताई दुपारी बायकांना पोथी वाचून दाखवत. त्या वर्षी पोथी लवकर संपली, म्हणून त्यांनी मला पाटावर ठेवलं. बायकांनी रिवाजाप्रमाणे मलाही हळदकुंकू वाहिलं. हा मान किती कादंबऱ्यांना मिळतो? मी अगदी फुलून गेले.

सगळ्यांत जास्त रमल्या त्या तानुबाई. त्यांचा दयाराम फौजेत होता. सीमेवर लढाई पेटली होती आणि त्याची काही खबर नव्हती. पोथी पुरी झाली की मनातलं पुरं होतं, असं आपल्याकडे मानतात. यानातले तिघे सुखरूप परतले की आपला लेकही परतेल, अशी गाठ तानुबाईंनी मनाशी बांधली.

आणि दहावं प्रकरण आलं. सिंधूताई त्या आकड्यांशी झगडल्या, थकल्या आणि मला मिटून मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तानुबाई दारात उभ्या.

"पोथी अर्धी सोडत नसतात, मास्तरीनबाई. ते तिघं वरच लटकून राह्यले. त्याइले घरी आना, मंग माहा दयाराम बी येईन."

सिंधूताईंनी उभ्याउभ्या माझं शेवटचं पान वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मित्रांनो, माझ्या शेवटच्या पानावर ते तिघे परतत नाहीत.

दुपारी बायका जमल्या तेव्हा सिंधूताईंनी दहावं प्रकरण उघडलं, गणितांवर बोट ठेवलं आणि वाचू लागल्या. यान ज्वारीच्या शेतात उतरलं. गावानं तिघांना गूळपाणी दिलं, पिठलंभाकरी वाढली, त्यांच्या आयांनी दृष्ट काढली. यातलं एक अक्षर माझ्यात नाही. पण तानुबाई पदरानं डोळे पुसत होत्या, आणि माझ्या पानांवरून इतकं सुंदर कुणी कधी वाचलं नव्हतं.

दिवाळीनंतर दयाराम आला, हात गळ्यात बांधलेला, पण हसत. तो माझ्यामुळे आला असं मी म्हणत नाही. तानुबाई मात्र म्हणतात, आणि अजूनही माझ्या पुठ्ठ्याला डोकं टेकवतात.

मित्रांनो, पुस्तकांना जपा. ओल्या हातानं पानं उलटू नका, कोपरे दुमडू नका. दहावं प्रकरण ओलांडून पुढे गेलात तर मला अभिमानच वाटेल. फक्त माझा शेवट तानुबाईंना सांगू नका.