निळ्या पेशी बघायला गेलेल्या मृणालिनीताई

घास छातीत अडकायला लागला तेव्हा मृणालिनीताईंनी आधी तांदळाला नावं ठेवली, मग कवळीला. शेवटी डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, "अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला काही मज्जापेशी असतात. त्या नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात, तेव्हा स्नायू सैल पडतो आणि घास पोटात उतरतो. तुमच्या त्या पेशी मेल्या आहेत."

ताई घाबरल्या, पण त्यांच्या तोंडून निघालं भलतंच. "दिसतात कशा हो त्या?"

घरी आल्यावर त्यांनी तोच प्रश्न भाचीला विचारला. नूपुर परळला जनावरांच्या कॉलेजात संशोधन करायची. फोनवर ती ओरडलीच, "आत्या, उंटाच्या पोटात मी त्याच तर शोधतेय!"

ताई दादरहून टॅक्सी करून थेट तिच्या प्रयोगशाळेत. नूपुरने उंटाच्या पोटाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, पण ताईंना आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग नूपुरने मान जरा मागे घ्यायला लावली आणि फिक्या जाळीवर गर्द निळे ठिपके उमटले. प्रत्येकाला बारीक फाटे फुटलेले.

"यात वायू कुठाय?"

"तो लगेच विरतो गं. वायू बनवणारं एन्झाइम असतं ना, ते आपण रंगवलंय."

"आणि उंटच का?"

"तो कितीतरी दिवस पाण्यावाचून राहतो, मग एका दमात ढोसतो. तेवढं पाणी मावायला पोट सैल पडत असेल ना? त्यात यांचा हात किती, ते बघायचंय."

"मग, कळलं का तुला?"

"अजून नाही."

ताईंनी पुन्हा डोळा लावला. मग हळूच म्हणाल्या, "माझ्यात यांच्या जागी आता काय असेल गं?"

"बहुतेक काहीच नाही, आत्या. थोडे व्रण."

"बरं झालं सांगितलंस," ताई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी फुगा घालून ती आवळलेली वाट रुंद केली. पेशी परत येणार नाहीत, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. घरी आल्यावर ताईंनी मेतकूट घालून मऊ भात कालवला आणि भीत भीत पहिला घास घेतला. तो उतरला. त्यांचे डोळे भरून आले. उष्ट्या हातानेच त्यांनी फोन लावला.

"नूपुर, उतरला गं घास! बरं, मला सांग, उंटाची मान एवढी लांब. त्या पेशी त्याच्या गळ्यात वरपासून असतात का?"

"आत्या, ते मी बघितलंच नाही अजून."

"मग मी येते उद्या. दोघी बघू."