जागेवर ठेवलेली आरी

माझे जावई रोज संध्याकाळी दवाखान्यात येतात, सफरचंदं आणतात आणि शेजारच्या खाटेवाल्यांना सांगत बसतात की मेहुण्याला मरणाच्या दारातून मीच ओढून आणलं. सफरचंदंही स्वतःच खातात.

आमचा सोफे शिवायचा कारखाना. वर घर, खाली काम. त्या दुपारी माझ्या मुलाने जावयांची वाकडी शिवण सगळ्या कारागिरांसमोर उसवायला लावली. कारागीर जेवायला गेले आणि खालून धप्पकन आवाज आला. मी उतरले तर पोरगं छाती धरून जमिनीवर. जावई म्हणाले, आरीवर पडला. आरी म्हणजे कातड्याला भोकं पाडायचं टोकदार हत्यार. ती मात्र स्वच्छ पुसून फळीवर आपल्या खाचेत उभी.

इतक्या वर्षांत या माणसाने एक हत्यार जागेवर ठेवलं नाही. कात्री सोफ्यात, हातोडी जिन्यात, आणि मी मागून गोळा करत फिरायची. नेमकी त्याच दिवशी यांना शिस्त सुचली.

शिवाय जावई म्हणाले, कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेऊ, उगाच बोभाटा नको. मी एक शिवी हासडली, ती इथे लिहीत नाही. पोराला टेम्पोत घातलं आणि थेट मोठ्या दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईंनी मला कळेल असं सांगितलं. भोक बारीक होतं आणि काळजाच्या उजव्या कप्प्याला होतं, तिथे रक्ताचा जोर कमी. पण भोवतालच्या पिशवीत रक्त साठून काळीज आवळलं जात होतं. आणलं तेव्हा नाडी चालू होती, म्हणून छाती उघडून टाका घालता आला. वाटेत कुठे थांबला असतात तर हाती काही लागलं नसतं. आणि आरी उपसायलाच नको होती, आत राहिली असती तर तिनेच भोक बुजवून धरलं असतं. कोणी काढली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगते, आधी त्याला शुद्धीवर येऊ दे.

आला शुद्धीवर, आणि पहिलं काय बोलावं त्याने? मी पडलो असंच सांग आई, नाहीतर ताईचं घर मोडेल. काळजाला टाके पडले तरी पोरगा तसाच मऊ. मला कळायचं ते कळलं.

मी लेकीला दवाखान्याच्या जिन्यात गाठून सगळं सांगितलं. ती रडली नाही. आरी पुसलेली होती का, एवढंच तिने विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाली, माझ्या घराची काळजी तुम्ही दोघं करू नका.

आज जावई आले, पिशवी ठेवली, गोष्ट सुरू केली. मी त्यांना मध्येच थांबवलं.

"जावईबापू, रागाच्या भरात भोसकलंत, तेही मी एखादे वेळी गिळलं असतं. पण माझं पोर तडफडत होतं आणि तुम्ही आरी पुसत बसलात. बाहेर पोलीस आलेत, मीच बोलावलेत. तुमची बायको त्यांच्या हातात कारखान्याची किल्ली देतेय, आरी अजून त्याच खाचेत आहे. उठा आता, आणि पुन्हा मला सासूबाई म्हणू नका."