तुटल्या जागेचे तीन शब्द

रीमूत नावेतून उतरून थेट पाटीघरात, मातीच्या पाट्यांवर लिहायला शिकवणाऱ्या शाळेत शिरला, तेव्हाच लाबाशी हातातलं काम टाकून उठला. ऊरुकच्या मंदिरात लेखनिक म्हणून लागलेला आपला सर्वांत गुणी शिष्य ऐन कामाच्या दिवसांत बोर्सिप्पाला उगीच येणार नाही, एवढं साठीच्या मास्तरला कळत होतं.

वीस वर्षांपूर्वी लाबाशीने मातीच्या एका जुन्या पाटीची नक्कल केली होती. शब्दाला ‘ऊतू’ हे शेपूट जोडलं की नवा शब्द होतो. शर्रू म्हणजे राजा, तर शर्रूतू म्हणजे राजेपण. अशा शब्दांची ती यादी. तिचा एक कोपरा फुटून तीन ओळी गेलेल्या. अशा जागी बारीक अक्षरात ‘तुटलेले’ असं लिहून मोकळं व्हायचं, ही साधी रीत. त्यात कसली आलीय लाज? पण या शहाण्याला कमीपणा वाटला. त्याने आपल्याच मनाने तीन शब्दांना शेपटं जोडून ओळी भरल्या आणि खाली ठोकून दिलं, ‘मुळाप्रमाणे लिहिले, ताडून पाहिले.’ तेव्हापासून पोरं ते शब्द घोकत होती.

पाणी पिऊन झाल्यावर रीमूतने सांगितलं ते असं. ऊरुकला त्याच यादीची अखंड पाटी सापडली होती. तिच्याशी ताडल्यावर रीमूतने इथून नेलेल्या नकलेतल्या त्या तीन ओळी भलत्याच निघाल्या. वडीलधाऱ्यांनी रीमूतला समोर उभं करून विचारलं, ही खोटी भर कोणाची?

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, गुरुजींची पाटी उतरवून घेताना मीच घातली.” रीमूत खाली बघत म्हणाला. “लेखणी काढून घेतली माझी. आता पाट्यांसाठी माती मळतो. तुमच्या कानावर दुसऱ्याकडून जायला नको, म्हणून आलो.”

‘मला लाज न येवो’ असा लाबाशी या नावाचा अर्थ. आईने किती हौसेने ठेवलं होतं. आज त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी येतो तुझ्याबरोबर,” तो कसाबसा म्हणाला. “खरं काय ते सांगून टाकतो.”

“नको, गुरुजी. मी नबूदेवाची शपथ घेऊन बोललोय. आता तुम्ही खरं सांगितलंत, तर मला गावातच ठेवणार नाहीत. दोन लेकरं आहेत माझी.”

वीस वर्षं गिळलेलं खरं आज ओठांवर आलं, तर ते बोलायची सोयच उरली नव्हती.

रीमूत उठला. रीतीप्रमाणे नाकापुढे हात धरून गुरूसमोर वाकला. त्याच्या बोटांना मातीने भेगा पडल्या होत्या. लाबाशीने आशीर्वादासाठी हात उचलला खरा, पण तो त्या डोक्यावर ठेवायचं धाडस त्याला होईना. रीमूत तसाच वाकून थांबला होता.