शाल पांघरलेले पोळे

मी गांधीलमाश्यांचे एक जुने पोळे आहे. भिऊ नका मित्रांनो, खुशाल जवळ या. आता माझ्यात कुणी राहत नाही. वारा आला की जास्वंदीच्या फांदीवर नुसते हलत राहते, एवढेच माझे काम.

माझा जन्म एका एकटीच्या कष्टातून झाला. एक राणीमाशी या घराच्या बागेत आली. फाटकाचे, कुंपणाचे लाकूड ती खरवडायची, चावून चावून त्याचा लगदा करायची आणि मला लिंपत बसायची. फाटक निळे, कुंपण उन्हापावसाने करडे झालेले. म्हणून माझ्या अंगावर निळ्या-करड्या रेघा आहेत. एका बारीकशा देठाला मी लटकलेले; खाली तोंडे केलेल्या सहाकोनी खोल्या आणि खोलीखोलीत एकेक पांढरे, गुबगुबीत बाळ. पहिल्या लेकी मोठ्या झाल्या तशा आईच्या हाताखाली कामाला लागल्या आणि मी तळहाताएवढे झाले.

मला आधी पाहिले ते या घरातल्या बाबांनी.

"अगं, इकडे ये! काय कारागिरी आहे बघ."

आई आली आणि दोन पावले मागे सरकली. "कारागिरी कसली! आधी काढून टाका ते. टिल्ली दिवसभर इथेच बागडते."

"आपण छेडलं नाही तर त्या कशाला चावतील? अळ्या खातात त्या. तुझे गुलाब कुणी वाचवले, सांग?"

"गुलाब गेले खड्ड्यात. इथे माझा जीव टांगणीला लागलाय."

"तुझा जीव काय, मांजर शिंकलं तरी टांगणीला लागतो," बाबा हसले.

शेवटी आईने मान डोलावली. पण कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना तिचा एक डोळा माझ्यावरच असे.

टिल्ली त्यांची एकुलती एक लेक. पाच वर्षांची, झोपेत दचकून रडणारी. तिला भीती घालायला नको, म्हणून आईने तिला कुशीत घेऊन सांगितले, "हे बघ पिल्लू, त्या झुडपात एक आई राहते. तिची छोटी छोटी बाळं तिथे झोपलेली असतात. आपण तिकडे जायचं नाही, त्यांना त्रास द्यायचा नाही. कळलं?"

टिल्लीला कळले. फारच चांगले कळले.

ती पायरीवर बसून लांबूनच विचारायची, "बाळं उठली का हो?" मित्रांनो, इतक्या मायेने माझी चौकशी दुसऱ्या कुणी केली नाही.

एका सकाळी बोचरा वारा सुटला होता. गॅसवरचे दूध उतू जाईल म्हणून आई आत धावली. तेवढ्यात टिल्ली बाहुलीची लोकरी शाल घेऊन दबक्या पावलांनी आली. "गप्प झोपा हं, थंडी वाजेल," असे कुजबुजत तिने ती शाल माझ्यावर पांघरली आणि कडासुद्धा नीट खोचल्या.

आत एकदम अंधार झाला. माझ्या माश्यांना शाल काय ठाऊक? बाळांवर कुणीतरी झडप घातली, एवढेच त्यांना समजले.

ती किंकाळी मी विसरू शकत नाही. आईने धावत येऊन टिल्लीला पोटाशी घेतले. डंख तिलाही बसले, पण तिला त्याचे भान नव्हते. लेकीचे ओठ सुजले होते, श्वास घरघरत होता. बाबांनी दोघींना गाडीत घातले आणि फाटक उघडेच टाकून ते दवाखान्याकडे सुटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सगळ्या माश्या माझ्याकडे परतल्यावर, टिल्लीचा मामा आला. अंगात रेनकोट, हातमोजे, डोक्यावर हेल्मेट. "चंद्रावर निघालास की काय?" बाबा म्हणाले, पण त्यांचे त्यांनाच हसू आले नाही. मामाने काठीने शाल बाजूला केली आणि औषध फवारले. लेकी टपटप खाली पडल्या. राणी शेवटपर्यंत खोल्यांवर फिरत होती. मग तीही पडली. मला खाली पाडायला मात्र बाबांचा हात धजावला नाही.

टिल्ली घरी आली तेव्हा तिचा एक डोळा अजून पुरता उघडत नव्हता. आईच्या कडेवरून तिने माझ्याकडे पाहिले.

"आई, मी शाल नीट नव्हती का गं घातली? म्हणून रागावल्या त्या?"

आईचा चेहरा कसनुसा झाला. "नाही गं राणी. तू छान घातलीस. पण त्या माश्या आहेत, डंख मारतात. हे मी तुला सांगितलंच नाही."

"मग बाळं कुठे गेली?"

आई तिला तशीच घट्ट धरून आत गेली.

मित्रांनो, आमच्यासारखे घर दिसले तर लांब उभे राहा आणि मोठ्यांना हाक मारा. तुमच्या घरातल्या मोठ्यांनाही माझा एक निरोप द्या. म्हणावे, लेकरू घाबरेल म्हणून त्याला अर्धेच सांगू नका. उरलेले अर्धे ते आपल्या मायेने भरून काढते. टिल्ली आता बरी आहे. पण बाळे उठली का, हे आता मला कुणी विचारत नाही.