दोन्ही बाजूंना सारखं

आमच्या गावाच्या मुंबई मंडळाची पूजा दर वर्षी दहिसरला होते आणि तिची पत्रिका दर वर्षी मीच टाइप करते. गावात मानकरी दोन, म्हणून पत्रिकेतही दोन. एक माझे बाबा, भाऊराव सखाराम घाडीगावकर. दुसरे वाकोल्याचे दशरथकाका परब. दोघांचा मान सारखा, म्हणून नावं पत्रिकेच्या तळाला एकाच ओळीत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. एवढ्यावर भागलं असतं तर मी नवस फेडला असता.

या रविवारी दशरथकाका सकाळीच आले, ते लाकडी फूटपट्टी घेऊन. मी काढलेली पहिली प्रिंट त्यांनी डायनिंग टेबलावर पसरली, कडेपासून नावापर्यंतचं अंतर मोजलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"गो अक्षता, माजा नाव कडेक कित्याक ढकललंस?"

"काका, दोन्हीकडे समास एकच आहे. प्रिंटरने कागद जरा तिरका ओढलाय."

"प्रिंटर माज्याच बाजूक बरो ओढता."

मी स्क्रीनवर रुलर उघडला. त्याच्यावरचा तो इवलासा त्रिकोण धरायचा आणि सरकवायचा, एवढंच काम. पण त्रिकोण दोन, एकावर एक, आणि हवा असतो तो कधीच हातात येत नाही. चुकीचा सरकला की पहिलीच ओळ आत जाते आणि बाकीच्या जागच्या जागी राहतात. मी मागे घेतलं, पुन्हा सरकवलं, पुन्हा मागे घेतलं. शेजारी बाबा आणि काका, दोन म्हातारे श्वास रोखून उभे.

काकांसाठी समास वाढवला की नावांना जागा कमी पडते, आणि कमी करायचा तर तेही नाही. पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळद लावतात. एका वर्षी ती थेट परबांच्या आडनावावर आली होती आणि काका त्या वर्षी आरतीला मागेच उभे राहिले. तेव्हापासून समास ऐसपैस. अक्षर लहान करायचं तर म्हातारी माणसं वाचणार कशी? सगळ्या सूचना मी देऊन बघितल्या. प्रत्येकीला कोणीतरी नाही म्हणायला हजर होतं.

शेवटी काकांचं समाधान होईल इतका समास वाढवला, तर बाबांचं नाव आपल्या अर्ध्या भागात मावेना. 'घाडीगावकर' खालच्या ओळीत उतरलं.

"ह्या काय?" बाबा म्हणाले. "माजा आडनाव खाली पडला."

आडनाव खाली पडलं त्याचं मला काही नव्हतं. त्याच्या धक्क्याने पानाची शेवटची ओळ दुसऱ्या पानावर गेली होती, आणि ती ओळ माझी होती. 'यंदाचा महाप्रसाद कै. वनमाला भाऊराव घाडीगावकर यांच्या स्मरणार्थ.' वनमाला म्हणजे माझी आई. मंडळाच्या पूजेचा शिरा आयुष्यभर तिने ढवळला, दंड भरून येईपर्यंत. पत्रिकेत बायकांची नावं घालायची पद्धत नाही, म्हणून तिचं नाव कधी छापून आलं नाही. गेल्या वर्षी ती गेली. यंदा कमिटीशी भांडून मी तेवढी एक ओळ मिळवली होती. आणि पत्रिका एकाच पानाची असते. प्रेसवाला बोरिवलीचा, दुपारी एकला शटर ओढतो. त्याच्या आत फाइल पाठवायची होती.

"ह्या दुसऱ्या पानावर काय इला?" काकांनी विचारलं.

"आईची ओळ."

बाबांनी स्क्रीनकडे नीट बघितलंसुद्धा नाही. त्यांची नजर आडनावावर होती.

"मगे तेवढी ओळ काढ," ते म्हणाले. "ती काय, घरचीच. ती थोडीच रागावतली?"

मला इतका संताप आला की कान तापले. सकाळपासून मी एकेका केसाएवढ्या जागेसाठी त्रिकोण सरकवत होते, आणि जिने आयुष्यभर शिरा ढवळला तिची एक ओळसुद्धा यांना जड झाली होती.

"ती नाही रागावली कधी," मी म्हटलं. "मी रागावलेय."

मी आईची ओळ उचलली आणि मानकऱ्यांच्या वर नेऊन ठेवली. झालं. आता मानकऱ्यांची ओळ घसरली दुसऱ्या पानावर. कोऱ्या कागदावर दोघेच, एक डावीकडे, एक उजवीकडे. मी प्रिंट काढून टेबलावर आपटली.

"घ्या, मोजा. दोघंही सारखेच बाहेर."

काकांनी खरंच पट्टी पुढे केली, मग मागे घेतली. बाबांनी दुसरं पान बाजूला सारलं आणि पहिलं हातात घेतलं. आईची ओळ ते बोट ठेवून वाचत होते. 'वनमाला'वर बोट बराच वेळ थांबलं. त्यांनी तिला नावाने हाक मारलेली मी तरी ऐकली नव्हती.

"अक्षता," ते म्हणाले, "माजा नुसता भा. स. घाल. आडनाव वर येयत मा मगे?"

"येईल. सगळंच एका पानात येईल."

"मगे घाल. तिचा नाव पुरा रवांदे."

मी टाइप केलं. 'भा. स. घाडीगावकर' एका ओळीत बसलं, आणि मानकरी पहिल्या पानावर, आईच्या खाली, गुपचूप परत आले.

दशरथकाका खुर्ची पुढे ओढून बसले. "मगे माजा पण द. कर. भाऊचा बारीक आणि माजा लांबडा बरा दिसना नाय. आणि वनीवैनीची ओळ जरा ठळक कर गो. तिच्या हातचो शिरो खाल्लो हा आमी."

"करते," मी म्हटलं, "पण दोन मिनिटं थांबा." स्क्रीनवरचं मला काहीच नीट दिसत नव्हतं.