शंभरपैकी एकतीस

फुकट ते पौष्टिक असं म्हणणाऱ्यांना एकदा मावशींच्या दुकानात आणून बसवायला हवं. पाच मिनिटांच्या एका फुकट चाचणीपायी मावशींच्या हातातून दुकानाच्या किल्ल्या जायची वेळ आली, आणि त्या काढून घ्यायला आला कोण, तर पोटचा मुलगा!

मावशी म्हणजे बटणवाल्या मावशी. त्यांचं दुकान असं की मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना बोटं लागावीत. आत मात्र लांबच लांब. जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, साडेसहाशेच्या घरात. शिंपल्याची बटणं, शिंगाची, पितळेची, कापड मढवलेली, बाळाच्या झबल्याला लागणारी तांदळाएवढी. आणि एकाही खणावर चिठ्ठी नाही. चिठ्ठी लावली की गिऱ्हाईक आपणच खण उपसायला लागतं, आणि मग संध्याकाळी शर्टाची बटणं कोटाच्या खणात सापडतात, असं मावशींचं म्हणणं. कुठे काय आहे ते त्यांच्या हाताला ठाऊक. चाळीस वर्षं हेच चाललेलं.

मुलाने दुकानात कॉम्प्युटर आणून ठेवला तो ऑर्डरी यायला लागल्या म्हणून. दुकानाचा ईमेल एकच. तो इथे उघडायचा आणि सुनेच्या मोबाइलवरही, कारण पार्सलांचं सगळं ती बघायची. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. समोरच्या दुकानातले शिंपी, ज्यांना सगळे मास्टर म्हणत, ते स्टुलावर बसून चहा पीत होते. मावशी कॉम्प्युटरवर काहीबाही बघत होत्या. तेवढ्यात पडद्यावर आलं, ‘तुमची स्मरणशक्ती किती? पाच मिनिटांत तपासा. अगदी मोफत!’

“मास्टर, बघाच आता,” मावशी पदवी घ्यायला निघाल्यासारख्या सरसावून बसल्या. “शंभरपैकी शंभर नाही पडले तर दुकानाचं नाव बदलेन.”

पहिला प्रश्न होता, ‘वस्तू कुठे आहे हे तुम्हाला दिवसातून किती वेळा शोधावं लागतं?’ मावशींनी क्षणभर हिशेब केला आणि प्रामाणिकपणे लिहिलं, शंभर वेळा. अहो, शोधणं हाच तर धंदा! दुसरा प्रश्न, ‘उठून गेल्यावर आपण काय घ्यायला आलो हे परत विचारावं लागतं का?’ रोज. ‘दोन भोकांचं म्हणालात की चार?’ हे विचारल्याशिवाय कुठला बटणवाला खण उघडतो? तिसरा, ‘लोक तुम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात का?’ त्यांनी मास्टरांकडे पाहिलं आणि ‘नेहमी’वर टिचकी मारली. मग दहा शब्द दिसले, ते लक्षात ठेवायचे होते. नेमकी तेव्हाच एक बाई कोटाचं बटण घेऊन दारात उभी राहिली. गिऱ्हाईक आलं की हातातलं सोडून उठायचं, हा मावशींचा नियम. बटण देऊन परत येतात तो शब्द गेले, वेळ संपली. निकाल कळवायला नाव आणि ईमेल मागितला. त्यांनी नाव लिहिलं ‘मावशी’ आणि पत्ता दिला दुकानाचा.

शंभरपैकी एकतीस.

मावशी खो खो हसल्या. मास्टरांना तर ठसकाच लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या दिवशी तो विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला ईमेल आला. ‘प्रिय मावशी, काळजी करू नका, आम्ही आहोत.’ दुपारी दुसरा. ‘मावशी, कालचा निकाल आठवतोय ना?’ संध्याकाळी तिसरा, त्यात मेंदूच्या गोळ्या, तीन डब्यांवर एक फुकट. आठवडाभरात कोडी सोडवायचा कोर्स आला, डोक्याला लावायचा पट्टा आला, आणि एक दिवस गळ्यात घालायचं पदक आलं, ज्यावर आपलं नाव आणि घरचा पत्ता कोरून मिळणार होता. ‘घर सापडलं नाही, तर कुणीतरी तुम्हाला पोहोचवेल.’

“पदक!” मावशी म्हणाल्या. “कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसं?”

त्यांनी रीतसर उत्तर लिहिलं. आलेल्या माणसाला उत्तर न देता घालवायचं नाही, ही दुकानाची शिस्त. ‘मी बटणं विकते. शोधणं माझं काम आहे. तुमचे प्रश्न चुकीचे आहेत. गोळ्या नकोत.’ उलट टपाली आलं, ‘प्रिय मावशी, प्रतिसादाबद्दल आभार! तुमची आवड लक्षात घेऊन आता रोज पाच सूचना.’ भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली. मग कुणीतरी सांगितलं की ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘बंद करा’ असं असतं. मावशींनी भिंग लावून ते शोधलं, दाबलं. तर त्याने पासवर्ड मागितला. कुठला पासवर्ड? कुणी दिला होता? तीन वेळा प्रयत्न केला. संध्याकाळी ईमेल हजर, ‘मावशी, या आठवड्यात तुम्ही तीन वेळा पासवर्ड विसरलात. हे घरच्यांना सांगितलंत का?’

घरच्यांना सांगायची गरजच नव्हती. सून सगळं वाचतच होती.

सून वाईट नाही हो. उलट जीव लावणारी. पण रोज ऑर्डरींच्या आधी पाच-पाच वेळा ‘विसरणं ही सुरुवात असते’ असं वाचलं, तर दगडालाही घाम फुटेल. तिने नवऱ्याला दाखवलं. नवरा, म्हणजे मावशींचा मुलगा, मुळातच काळजीखोर. त्याने त्याच गोळ्यावाल्या कंपनीचा आणखी एक फुकट फॉर्म भरला, ‘आईसाठी मार्गदर्शन’ नावाचा. झालं! आता त्यालाही ईमेल यायला लागले. ‘आईला एकटं सोडू नका.’ ‘आईच्या हाती किल्ल्या आहेत का?’

घरात बोलण्याचा सूरच बदलला. मावशींनी गॅस बंद केला की सून मागून येऊन बटण चाचपायची. मुलगा फोनवर मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागला, जणू आई बहिरीसुद्धा झाली. “आई, जेवलीस ना? नक्की? काय जेवलीस?” मावशी आधी हसून न्यायच्या. मग चिडायला लागल्या. आणि मग, खरं सांगायचं तर, घाबरल्या. पूर्वी हात आपोआप खणाकडे जायचा. आता हात जायच्या आधी मन विचारायचं, हाच ना? आणि मनाने विचारलं की हात अडखळायचा. एका दुपारी त्या एका उघड्या खणासमोर नुसत्या उभ्या राहिल्या. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, आणखी एक पदक आलं असतं.

शनिवारी सकाळी मुलगा दुकानात आला. मास्टर नेहमीप्रमाणे नमुना घेऊन काउंटरशी उभे होते. मुलाने आत येऊन खिळ्याला टांगलेला किल्ल्यांचा जुडगा काढला आणि मुठीत धरला.

“आई, ऐक. चिडू नकोस. या महिनाअखेर दुकान बंद करू. तू घरी आराम कर.”

“का रे? मला काय धाड भरलीय?”

“काही झालं नाही, आणि होऊ नये म्हणूनच. हे बघ, मी सगळं वाचलंय.”

“कुठे वाचलंस?”

त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं.

“त्या गोळ्या विकणाऱ्यांच्या ईमेलमध्ये! चाळीस वर्षं मला बघतोयस, ते खोटं? आणि ज्याने मला जन्मात पाहिलं नाही, ‘मावशी’ हेच माझं नाव समजून ‘प्रिय मावशी’ लिहितो, तो खरा?”

“मग एक काम कर,” मुलगा म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता आणि तोच मावशींना जास्त लागला. “मी दहा बटणांची नावं घेतो. तू खण दाखव. दहाच्या दहा बरोबर आली तर विषय संपला.”

“मावशी, दाखवून टाका ना,” मास्टर मध्ये पडले. “तोंडच बंद होईल सगळ्यांचं.”

“नाही दाखवणार.”

“अहो पण...”

“नाही म्हणजे नाही, मास्टर! आज दहा दाखवले तर उद्या वीस मागेल. परवा सून विचारेल. म्हणजे माझ्याच दुकानात मी रोज सकाळी परीक्षेला बसायचं, आणि पास झाले तर दार उघडायचं? परीक्षा एकदा दिली, तीही फुकटात, तिचे भोग अजून संपले नाहीत. बोला, तुम्हाला काय हवंय?”

मास्टरांनी चाचरत नमुना पुढे केला. काळं, शिंगाचं, चार भोकांचं, कडेला बारीक कंगोरा.

मावशी उठल्या. डाव्या भिंतीच्या तिसऱ्या रांगेतला खण उघडला. त्यात लाकडी बटणं होती.

बंद केला. खालचा उघडला. त्यात शिंगाची होती, पण दोन भोकांची.

मुलाने मान खाली घातली. त्याला आनंद झाला नव्हता, हे मावशींना दिसलं. त्याचे डोळे भरले होते. मास्टर हातातल्या बटणाकडे बघत बसले, जणू चूक त्या बटणाचीच होती. मावशींना क्षणभर वाटलं, म्हणावं की अंधारात दिसलं नाही, म्हणावं की गेल्या आठवड्यात खण बदलले. अशी चार कारणं जिभेवर तयार होती.

त्यांनी ती गिळली.

“विसरले,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “मास्टर, बसा. शोधते.”

आणि त्या शोधायला लागल्या. घाई केली नाही. तिसरा खण, चौथा, पाचवा. प्रत्येक खण पुरता बाहेर काढून, आत बघून, पुन्हा नीट आत सारला. मुलगा मदतीला पुढे झाला तर हाताने त्याला तिथेच थांबवलं. अकराव्या खणात बटणं सापडली. त्यांनी मूठभर काढून मास्टरांच्या समोर ठेवली, हात पुसले आणि मग मुलाकडे वळल्या.

“तू चार वर्षांचा होतास. तुला ताप होता म्हणून दवाखान्यात नेलं. औषध घेतलं. येताना वाटेत घाऊक व्यापाऱ्याकडे नवा माल आला होता, तो बघत बसले. गाठोडं उचललं आणि घरी आले. घरी येऊन माल निवडून ठेवला, चूल पेटवली, भाजी चिरायला घेतली. निम्मी भाजी चिरून झाली तेव्हा कळलं की तू घरात नाहीस.”

मुलगा काउंटरला टेकला.

“अनवाणी धावत गेले. तू व्यापाऱ्याच्या दुकानात पोत्यांवर झोपला होतास, अंगात तसाच ताप. व्यापारी म्हणाला, बाई, तासभर झाला. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. अख्ख्या आयुष्यात याहून मोठं काही विसरले नाही.”

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस,” तो कसाबसा म्हणाला.

“लाज वाटायची. तुझ्या बापालासुद्धा सांगितलं नाही. पण आज सांगते. पोटचं पोर विसरले तरी कुणी येऊन तुला माझ्या हातातून काढून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तुला मीच न्हाऊ घातलं, मीच भरवलं, मीच मोठं केलं. माणूस विसरतं रे. मी तेव्हा विसरले, आज विसरले, उद्याही विसरेन. एक दिवस खरंच जास्त विसरायला लागले, तर मी तुला हाक मारेन. मी मारेन. ते ईमेलवाले नाही मारणार.”

मुलाच्या मुठीतला जुडगा वाजला. तो काहीतरी बोलणार होता, बहुतेक माफीच मागणार होता, पण मावशींनी त्याला बोलू दिलं नाही. त्यांनी तळहात पुढे केला आणि तो तसाच धरून उभ्या राहिल्या.

त्याने किल्ल्या हातावर ठेवल्या.

“आता बाजूला हो,” मावशी म्हणाल्या. “गिऱ्हाईक खोळंबलंय.”