सासूबाई ढिगावरून उतरेनात

सगळ्यात खाली: काड्या

हवा खेळती राहावी म्हणून सुनेने परसात आधी वाळक्या काड्या अंथरल्या. त्यावर शेण, मग पाला, परत शेण. रासायनिक खताचा कणही न घालता कोबी पिकवून दाखवीन, असं ती नवऱ्याला म्हणाली होती.

नवरा नळदुरुस्ती करायचा. "दाखव की," तो म्हणाला. "कोबी बाजारातही मिळतो हे मी कुणाला सांगणार नाही."

झालं, सून हट्टाला पेटली.

त्यावर: शेण

कुजणारं शेण तापतं. सकाळी ढिगातून वाफा निघायच्या. सासूबाईंनी आधी हात शेकले, मग पाय. मग एक दिवस शिडी लावून, खुर्ची, उशी आणि शाल घेऊन त्या वरच जाऊन बसल्या. वर्षभर कुरकुरणारा गुडघा गप्प झाला.

"डॉक्टरच्या नानाची टांग!" त्या वरून म्हणाल्या.

त्याच्याही वर: खुर्ची

आता चहा वरच जायचा. शेजारणी खाली उभ्या राहून, मान मोडेपर्यंत वर बघत गप्पा मारायच्या.

सून रोज शिडी चढून सासूबाईंच्या पायाशी हात खुपसायची. खत तयार झालं की ढीग थंड पडतो. त्याआधी घातलं तर रोपांची मुळं करपतात. ढीग काही थंड होईना. ट्रेमधली कोबीची रोपं उंच आणि हडकुळी होऊन माना टाकायला लागली. आणखी थोडे दिवस अशीच राहिली तर गड्डा धरणार नव्हती.

एका दुपारी तिने पाहिलं, तर सासूबाईंनी वरून दोरीने बादली सोडलेली आणि नवरा तीत ताजं शेण भरतोय.

"अहो!"

नवऱ्याने बादली पाठीमागे लपवली. दोरी खुर्चीला बांधलेली होती, त्यामुळे सासूबाई खुर्चीसकट त्याच्या दिशेने झुकल्या.

"आई गारठेल गं," तो म्हणाला.

"आणि माझा कोबी?"

"कोबीला गुडघे असतात का?" सासूबाईंनी तिरक्या बसूनच विचारलं.

उलथापालथ

सुनेने वाद घातला नाही. ती घोड्यांच्या तबेल्यात गेली.

"सगळ्यात गरम काय?"

"ताजी लीद, ताई," मोतद्दार म्हणाला. "शेण तिच्यापुढे काहीच नाही."

जुन्या ढिगाला खेटून तिने लिदीचा तेवढाच उंच ढीग रचला. तो वाफाळायला लागल्यावर मध्ये फळी टाकली.

"मी उतरणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"उतरू नका, आई. नुसतं सरका."

नवऱ्याने खुर्ची ढकलली. सासूबाई डोळे मिटून पलीकडे पोचल्या. मग पाय टेकवून ऊब चाचपली.

"हा जरा तापट दिसतो."

"मग पटेल तुमचं."

सुनेने जुन्या ढिगावरचं ताजं शेण ओढून काढलं. खाली काळंभोर, गार खत होतं, मातीच्या वासाचं. आपण रोज वरच हात घातला, खालून कधी बघितलंच नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने जीभ चावली. खत वाफ्यात मिसळून ती रोपं लावायला बसली.

"अगं, अंतर ठेव," वरून आवाज आला. "अंगाने भरली की एकमेकांच्या उरावर बसतील."

सगळी रोपं मातीत गेली. सुकलेल्या दोनतीन सोडल्या तर बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत माना उचलल्या. सून कंबर धरून उठली, ती अर्ध्यातच अडकली.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. कुरकुरत खुर्ची एका बाजूला ओढली आणि शेजारी उशी टाकली.

"ये वर. पण पाय धुऊन ये, इथे घाण नको."